मुरुमावरची पहिली गाडी

मेस्त्रीकाकांनी खिशातून जुन्या स्पीकरचं गोल चुंबक काढलं, मऊ फडक्यात गुंडाळलं आणि पांढऱ्या एस्टीमच्या दाराखालच्या पट्टीवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पुढच्या चाकापासून वीतभर ते पत्र्याला धरून होतं. मग एकदम सुटलं आणि काकांच्या तळहातात पडलं. "इथनं लांबी भरलीय," ते म्हणाले. "आत पत्रा संपलाय." हातभर पुढे चुंबक पुन्हा चिकटलं, मागच्या चाकाजवळ परत सुटलं. गाडी दाखवणारा दलाल एकीकडे सांगत होता की इंजिन बघा, एका चावीत चालू होतं, एसी बघा, म्युझिक सिस्टीम बघा. काकांनी अजून बोनेट उघडायलाही सांगितलं नव्हतं.

नाशिकबाहेर मुंबई-आग्रा महामार्गालगत जुन्या गाड्यांची जी रांग लागते, तिथली ही सकाळ. काकांबरोबर आलेला तरुण अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. वय चोवीस. या गाडीतून त्याला कामावर जायचं नाही की घरच्यांना फिरवायचं नाही. ती मातीत पळवायची आहे. थंडीत होणाऱ्या एका ऑटोक्रॉस स्पर्धेत तो पहिल्यांदाच उतरणार आहे, आणि गाडी, टायर, हेल्मेट, प्रवेश फी असं सगळं धरून त्याच्या गाठीला दीड लाख रुपये आहेत.

संपादकांनी यंदा 'माती' हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली ती ही माणसं. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून पिकअपवर जुनी मोटार चढवणारी, दिवसभर धूळ खाणारी, आणि बक्षिसाच्या रकमेत टायरचे पैसेसुद्धा निघत नाहीत हे पक्कं ठाऊक असूनही पुढच्या स्पर्धेची तारीख विचारणारी. या खेळाबद्दल लिहिलं जातं ते बहुधा मोठ्या नावांबद्दल. गौरव गिलला २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारखेळातल्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच. तेव्हा चार दिवस वर्तमानपत्रांत रॅली होती. पण गिलपर्यंत जाणाऱ्या वाटेची पहिली पायरी म्हणजे ही दलालाच्या अंगणातली गाडी. ती कशी निवडायची, यात पुष्कळ शहाणपण साठलेलं आहे आणि ते बहुतेक सगळं गॅरेजमधल्या माणसांच्या तोंडी आहे.

काका पंधरा मिनिटांनी उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "बॉडी सरळ पाहिजे बाळा. इंजिन मी तुला उद्या दुसरं आणून बसवतो. बॉडी कुठनं आणू?"

एका वेळी एकच गाडी

ऑटोक्रॉस समजून घ्यायचं तर आधी रॅलीक्रॉस. हा प्रकार जन्मला इंग्लंडमध्ये. ४ फेब्रुवारी १९६७ रोजी केंट परगण्यातल्या लिडन हिल इथे टेलिव्हिजनच्या प्रेक्षकांसाठी एक शर्यत भरवली गेली. रॅलीच्या गाड्या जंगलात दूरवर पळण्याऐवजी कॅमेऱ्याच्या टप्प्यात, थोड्या डांबरी आणि थोड्या कच्च्या ट्रॅकवर पळाल्या, आणि व्हिक एलफर्ड पोर्शे ९११ घेऊन जिंकला. त्यातूनच पुढे २०१४ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा उभी राहिली. तिथे गाड्या एकमेकींना खेटून पळतात आणि एकेक गाडी सामान्य माणसाच्या बंगल्याच्या किमतीची असते.

अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी नाव तेच घेतलं, पण खेळ स्वस्त आणि सुरक्षित केला. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या रॅलीक्रॉसमध्ये माळावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात आणि त्या वाटेवरून एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध सोडतात. शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड, दोन शंकूंमधलं दारच चुकवलं तर दहा सेकंदांचा. दिवसभरातल्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळेची बेरीज होते. त्यामुळे एक फेरी जीव तोडून मारली आणि दुसरीत गाडी आडवी गेली, तर सगळं मुसळ केरात.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा खेळ म्हणजे मातीवरचं ऑटोक्रॉस. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या छत्राखालचे क्लब या स्पर्धा भरवतात. कर्नाटकात, केरळात, तमिळनाडूत त्यांचा जोर जास्त आहे. कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात तर घराघरात एखादी धुळकट गाडी सापडते. महाराष्ट्राचं नातंही जुनं आहे. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० साली हिमालयन रॅली सुरू केली आणि केनियापासून युरोपपर्यंतचे चालक इथे आणले. नाशिकच्या परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' धावली. कोल्हापुरात मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर शाळकरी पोरं स्टिअरिंग धरायला शिकतात.

रॅलीत शेजारी नॅव्हिगेटर लागतो, मागे सर्व्हिसची गाडी लागते, आत पोलादी पाइपांचा सांगाडा म्हणजे रोल केज लागतो, दोन-तीन दिवस लागतात. ऑटोक्रॉसला माणूस एकटा जाऊ शकतो आणि रविवारी रात्री घरी परततो. वर्ग इंजिनाच्या क्षमतेवर पडतात: अकराशे सीसीपर्यंत, चौदाशेपर्यंत, सोळाशेच्या आसपास, मग खुला, महिलांचा, जीपगाड्यांचा, नवोदितांचा. नेमकी रेघ प्रत्येक आयोजक आपल्या पत्रकात आखून देतो, आणि गाडी घेण्याआधी ते पत्रक वाचणं हे पहिलं काम. जी गाडी आपल्या वर्गाच्या वरच्या काठाला टेकलेली असते, तिच्यात पैसे न घालताच थोडा फायदा पदरात पडतो. १२९८ सीसीची गाडी चौदाशेच्या वर्गात शोभते, ९९३ची अकराशेत. बाराशेवाली मात्र चौदाशेच्या वर्गात कायम दुसऱ्याच्या मागे.

कुठली माती

एका ऑटोक्रॉस स्पर्धेत ज्या माळावर मी दिवसभर उभी होते तो प्लॉटिंगसाठी सपाट केलेला होता. सिमेंटचे खुंट रोवलेले, रस्ते आखलेले, आणि प्लॉट अजून विकले न गेलेले. अशा स्पर्धांना हीच जागा सोयीची पडते: मालक एक, परवानगी एक, आणि शेजारच्या उभ्या पिकाचं नुकसान नाही. ट्रॅक आखायला आलेला टँकरवाला एरवी बैलगाडा शर्यतींचे घाट तयार करतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये त्या शर्यतींना पुन्हा परवानगी दिल्यापासून त्याचा हंगाम भरलेला असतो. किती पाणी मारलं की धूळ बसते आणि किती मारलं की पाय घसरतो, हे त्याला आयोजकांपेक्षा जास्त कळत होतं. "बैलाला ओलं जास्त झालं तर खुर रुततो," तो म्हणाला. "हिला जास्त झालं तर ही सरळच जाते, वळतच नाही."

दख्खनच्या पठारावरचा बेसाल्ट झिजून जो मुरूम होतो, त्यावर गाडी चालवणं फसवं असतं. वरचा सुट्या खड्यांचा थर पहिल्या काही गाड्या उडवून लावतात. खाली कठीण, जवळजवळ फरशीसारखी जमीन निघते. पहिल्या फेरीत चाक खड्यांवरून घसरतं, पाचव्या फेरीत तेच चाक घट्ट धरतं आणि ज्या वेगाने गाडी मघाशी छान आडवी सरकत होती त्याच वेगाने आता टायर रिमवरून उतरतो. म्हणून हवा फार कमी करून चालत नाही. काळ्या मातीचं गणित वेगळं. कोरडी असताना भेगा, आणि थोडं पाणी लागलं की ती फुगते, चिकटते, चाकाच्या कमानीत गोळा होऊन बसते. तिथे अरुंद टायर बरा, कारण तो चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. कोकणात, गोव्यात आणि कोल्हापूरच्या पश्चिमेला जांभ्याची लाल माती. ती बारीक पिठासारखी होऊन एअर फिल्टरमध्ये जाते, आणि संध्याकाळपर्यंत इंजिनाचा दम कमी झाल्यासारखा वाटतो.

दुपारनंतर वळणांवर खोल चाकोऱ्या पडतात. त्या चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, आणि इथेच गाडीची निवड बोलू लागते. लोक जिला रेसिंग गाडी समजतात, ती खाली बसवलेली, रुंद चाकांची, कडक स्प्रिंगांची गाडी मातीत निकामी ठरते. इथे जमिनीपासून उंची हवी, मऊ आणि लांब चालीचे शॉकअप हवेत, आणि ऑइल चेंबरखाली जाड पत्र्याचं गार्ड हवं. चेंबर फुटलं आणि चालकाच्या लक्षात आलं नाही तर इंजिन मिनिटभरात जाम होतं. गार्ड कुठलाही फॅब्रिकेटर दिवसभरात वाकवून देतो.

उमेदवार गाड्या

भारतात हौशी मोटारखेळाचा इतिहास लिहायचा तर तो मारुतीच्या सुट्या भागांचा इतिहास होईल. १९९४ ते २००७पर्यंत विकली गेलेली एस्टीम हा त्यातला मधला खांब. वजन नऊशे किलोच्या आत, पुढच्या चाकांना ताकद, १२९८ सीसीचं इंजिन. मल्टिपॉइंट इंजेक्शन आल्यावर त्यातून ८५ अश्वशक्ती निघू लागली. याच कुळातलं इंजिन जिप्सी किंगमध्ये होतं आणि २००५ साली आलेल्या पहिल्या स्विफ्टमध्येही. त्यामुळे पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत काही ना काही कुठे ना कुठे मिळतं, आणि पन्नाशीतला प्रत्येक मेस्त्री ते डोळे झाकून उघडू शकतो. गाडीची लांब डिकी मात्र अडचणीची. चाकोरीत मागचा बंपर पहिल्याच दिवशी निखळतो. बरेच जण तो घरीच काढून ठेवतात.

झेन त्याहून हलकी आणि छोटी. ९९३ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन, कार्ब्युरेटरवर ५० अश्वशक्ती. ऐकायला कमी वाटते, पण अरुंद, वळणांच्या ट्रॅकवर ही गाडी मोठ्यांना घाम फोडते. तिची अडचण अशी की चांगल्या झेन आता राहिल्या नाहीत. १९९३ साली आलेली गाडी २००६च्या सुमारास बंद झाली. उरल्यात त्यांचा तळ गंजलेला किंवा त्या कुणा दर्दी माणसाच्या ताब्यात. मारुती आठशे अजून मिळते. तिचं उत्पादन २०१४पर्यंत चाललं आणि ७९६ सीसीत ३७ अश्वशक्ती असल्याने ती चालकाला शिस्त लावते. वेग एकदा गेला की परत मिळवायला ताकद नसते, म्हणून ब्रेक उगाच मारायचा नाही आणि रेषा चुकवायची नाही, हे ती आपोआप शिकवते. ज्याने आयुष्यात मातीवर गाडी घसरवलेलीच नाही त्याने आठशेवर एक हंगाम काढावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

जिप्सीचं नाव सगळ्यांच्या ओठी असतं. १९८५ साली आली, २०१९ साली गेली, आणि मधल्या काळात हिमालयातल्या प्रत्येक रॅलीत पळाली. पण नवख्याने तिच्या मागे लागू नये. ऑफ-रोडिंगवाल्यांनी आणि हौसेने जमवणाऱ्यांनी तिचे भाव अव्वाच्या सव्वा करून ठेवलेत. शिवाय पुढेमागे कमानी पाट्यांवर बसलेली, उंच आणि आखूड गाडी वेगात आडवी गेली की सावरायला अनुभवी हात लागतो. उंच गाडीबद्दल अमेरिकेतले क्लबही कडक आहेत. गुरुत्वमध्य वर असलेल्या गाड्यांना ते बऱ्याचदा परत पाठवतात. त्याच कारणाने वॅगन आर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

एस्टीमच्या जागी आता हळूहळू पहिली स्विफ्ट येते आहे. वजनाने जड, पण मजबूत. आणि रस्त्यावर तिची संख्या इतकी आहे की भंगारात रोज एखादी येते. कागदावर मोह पाडणाऱ्या आणखी काही गाड्या आहेत. फोर्ड आयकॉनचं सोळाशेचं इंजिन, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली दणकट पालिओ, होंडा सिटीचं व्हीटेक, मित्सुबिशी सेडिया. चाकणला २०२२पर्यंत बनलेली पोलो तर राष्ट्रीय रॅलीत पुढे पळते. पण पोलोचा एक ड्राइव्ह शाफ्ट तुटला की नवख्याचं महिन्याचं गणित बिघडतं, आणि आयकॉनच्या लोअर आर्मसाठी आठवडा फिरावं लागतं. ज्या गाडीचा सुटा भाग रविवारी दुपारी गावातल्या दुकानात मिळत नाही, ती गाडी रविवारी दुपारनंतर नुसती उभी असते. स्वस्त गाडी याचा अर्थ मला या माणसांत वावरताना समजला तो हा: मोडल्यावर स्वस्त.

डिझेल गाडी घेऊ का, असं प्रत्येक नवखा विचारतो, कारण जुन्या डिझेल गाड्या कमी भावात सुटतात. नाकावर जड इंजिन असलेली पुढच्या चाकांची गाडी सुट्या मातीत वळायला नकार देते. एवढं एक कारण पुरे.

वळणावर काय होतं

साताऱ्याहून आलेल्या एका मुलीने मला हे हाताने दाखवलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वडिलांची जुनी झेन चालवते. वडील ट्रॅकच्या कडेला हातात घड्याळ घेऊन उभे होते. फेरी संपवून आली, हेल्मेट काढलं, केसांतली धूळ झटकली आणि जमिनीवर बसून काडीने वळण काढलं.

पुढच्या चाकांची गाडी वेगात वळवायला गेलं की ती सरळच निघते. समोरच्या दोन चाकांना ओढायचंही असतं आणि वळायचंही, आणि मातीत दोन्ही एकदम जमत नाही. अशा वेळी स्टिअरिंग आणखी फिरवलं तर चाकं नांगरासारखी माती लोटतात. म्हणून ती वळणाच्या बरंच आधी सरळ रेषेत ब्रेक मारते. ब्रेकने गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढची चाकं मातीत दबतात, मागची हलकी होतात. त्याच क्षणी स्टिअरिंगचा छोटा झटका द्यायचा आणि पाय सोडायचा. मागचा भाग बाहेर सरकू लागतो, गाडीचं तोंड आतल्या बाजूला येतं. आता अॅक्सिलरेटर. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. अगदी अरुंद वळणावर हँडब्रेकचा एक हिसका.

"पप्पा म्हणतात हँडब्रेक कमी वापर," ती म्हणाली. "पण त्याशिवाय ते शेवटचं वळण निघतच नाही."

"निघतं," वडील लांबून म्हणाले. "आधी ब्रेक मारलास तर निघतं."

त्यांच्या गाडीत फरक काय केलाय हे मी शोधत होते. मागची सीट, स्टेपनी, गालिचे, दारांची अस्तरं काढलेली. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा थोड्या उंच. हँडब्रेकची केबल नवी, आणि त्याचा खटका अडकू नये म्हणून मोकळा केलेला. इंजिन कारखान्यातून आलं तसंच. आतलं चाक वळणावर हवेत उचललं गेलं की सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकात वाया जाते. त्यावर इलाज म्हणून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल मिळतं, पण त्याची किंमत गाडीएवढी. वडिलांनी त्याऐवजी मुलीला दोन महिने दर रविवारी पडीक शेतात नुसती आठाच्या आकड्याची वळणं घालायला लावली. तिच्या वर्गात तिचा दुसरा नंबर आला. पहिली आली ती मंगळूरकडची, आणि तिचीही झेनच होती.

कडेला गावची मंडळी जमली होती. एक आजोबा प्रत्येक गाडी गेली की तिच्या चाकोरीकडे बघून मान हलवत किंवा डोलवत होते. चार-पाच गाड्यांनंतर माझ्या लक्षात आलं की वेळ जाहीर होण्याआधी त्यांना कळत होतं. ज्या गाडीची मागची चाकं पुढच्या चाकोरीच्या थोडीच बाहेरून गेली ती जलद, फार बाहेरून गेली ती दिसायला झोकदार पण हळू. मी विचारलं तर म्हणाले, "मागचं पुढच्याच्या मागं यायला पाहिजे की."

मोडणं, जोडणं

जेवणाच्या सुट्टीत निळ्या ताडपत्रीखाली खरी गर्दी असते. एका एस्टीमचं उजवं पुढचं चाक उतरवलेलं, ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचं रबरी कव्हर फाटलेलं, आत ग्रीसऐवजी ग्रीस आणि मातीचा काळा लगदा. कव्हर फाटल्यावर जॉइंट फार काळ टिकत नाही. वळताना कट-कट-कट असा आवाज येऊ लागतो आणि मग एका उडीत निखळतो. दोघांनी हब मोकळं केलं, बॉल जॉइंटवर हातोड्याचे दोन घाव, शाफ्ट बाहेर, जुन्या बाजारातून आणलेला दुसरा आत. पाऊण तासात गाडी रांगेत. पाना देणारा आणि घेणारा वेगवेगळ्या संघांतले होते. दोघांची वेळ एकमेकांपासून अर्ध्या सेकंदाच्या आत होती, आणि पाना देणाऱ्याला हे ठाऊक होतं.

सारखे मोडणारे भाग थोडे आणि ओळखीचे असतात. इंजिन माउंटिंग, टाय रॉड, लोअर आर्मचे बुश, चाकाचं बेअरिंग, रेडिएटर. हुशार स्पर्धक गाडीबरोबर दुसरी मेलेली गाडीच घेतो: अपघातातली, कागद नसलेली, भंगाराच्या भावात सुटलेली. ती घराच्या मागे किंवा शेतात उभी राहते आणि हळूहळू आटत जाते. ज्याला ते शक्य नाही तो कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजाराच्या फेऱ्या मारतो आणि शाफ्ट घेताना दोन्ही टोकं हातात धरून मुरगळून बघतो. ढिलाई जाणवली तर परत ठेवतो.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन, हा वाद ताडपत्रीखाली संपत नाही. कार्ब्युरेटर स्क्रू-ड्रायव्हरने दुरुस्त होतो, खरं आहे. पण लांब वळणावर आतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, इंजिन क्षणभर गुदमरतं, आणि धूळ जेटमध्ये बसते ती वेगळीच. दिवसभर बघितल्यावर मी इंजेक्शनच्या बाजूने आहे.

पाइप, पट्टा, कागद

नवखा माणूस पैसे घालतो ते सायलेन्सरवर, मोठ्या चाकांवर, स्टिकरवर. आधी हेल्मेट घ्यावं. मग सीट आणि पट्टा. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती जिवाशी आहे: रोल केज नसलेल्या गाडीत खांद्यावरून घट्ट आवळणारा रेसिंगचा पट्टा लावू नये. गाडी उलटली आणि छत दबलं, तर साध्या पट्ट्यात माणूस बाजूला झुकू शकतो. आवळलेल्या पट्ट्यात तो छताखाली ताठ बसून राहतो. पट्टा बदलायचा तर केजही बसवायचा, नाहीतर दोन्ही नाही.

केजच्या बाबतीत काटकसर करणारे मला भेटले आणि त्यांच्याशी मी वाद घातला. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चालकामागची मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या, किंवा ५० व्यासाच्या आणि दोन जाडीच्या, सीमलेस पोलादी पाइपची हवी. गेट-ग्रिल करणारा फॅब्रिकेटर जो पाइप वापरतो तो पट्टी वळवून, शिवण जोडून केलेला असतो. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून तपासनीस केजला छोटं भोक पाडून जाडी मोजतात. पाइपच्या बिलाची प्रत मागणं हा चोखंदळपणा समजू नये.

तपासणीच्या टेबलावर बाकी गोष्टी साध्या होत्या. बॅटरी पट्टीने आवळलेली आहे का, पुढेमागे ओढायचे हुक आहेत का, अग्निशामक बाटली हाताला येते का, चाकांचे नट पुरे आहेत का. एका नव्या कोऱ्या टायरांच्या गाडीला बॅटरी हलते म्हणून परत पाठवलं, आणि शेजारच्या कळकट आठशेवाल्याने त्याला आपल्या डिकीतली पट्टी काढून दिली.

कागदांचं काय, हा प्रश्न गाडी घेतानाच सोडवावा. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते, महाराष्ट्रात हरित कर भरावा लागतो, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२५ साली दहा हजार रुपये झाली. एस्टीम आणि झेन या बहुतेक सगळ्या त्याच वयाच्या. त्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगून ठेवलं आहे की उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. म्हणजे केज वेल्ड केलेली, सीट काढलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवत स्पर्धेला नेणं बेकायदा. विमा कंपनीही संघटित शर्यत, वेगाची चाचणी असल्या वापरातलं नुकसान देत नाही. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. म्हणून गाडी पिकअपवरून येते, आणि ज्याच्या ओळखीत पिकअपवाला आहे त्याचा हंगाम सोपा जातो.

हा सगळा खर्च वाटून घ्यायला बरेच जण भागीदारीत उतरतात. सांगलीकडचे दोघे मित्र एकच झेन चालवतात. एक नवोदितांत, दुसरा अकराशेच्या वर्गात, आणि दुसऱ्याची बायको महिलांच्या वर्गात. फेऱ्यांच्या मधल्या वेळात तिघं मिळून चाकं बदलतात, रेडिएटरची जाळी पाण्याने धुतात. खर्चाची वही तिच्याकडे असते. तिने ती मला उघडून दाखवली. हंगामातला सगळ्यात मोठा आकडा टायरांचा होता. त्याखाली पिकअपचं भाडं, मग हेल्मेटं आणि सीट. गाडीची किंमत चौथ्या ओळीवर होती.